माठाची खोली

होळीच्या राखेवर अजून कोणी पाणी मारलेलं नसतं, तोवर आमच्या यवतमाळच्या गल्लीत कूलर माळ्यावरून उतरायला लागतात. पत्र्याची टाकी दाराच्या चौकटीवर आपटल्याचा आवाज, मागोमाग कोणाचं तरी 'सांभाळून, सांभाळून', आणि मग अंगणात उताणं पडलेलं ते धूड. गेल्या उन्हाळ्यातलं गवत जाळ्यांत वाळून तपकिरी झालेलं असतं. त्यावर आमच्या पाण्याचा पांढरा क्षार चढलेला असतो, बोटानं खरवडला तर खडूसारखा निघतो. ते जुनं गवत उपसताना एक वास येतो, ओलसर, कुजका, किंचित गोड. हा वास मला थेट एका उन्हाळ्यात नेऊन सोडतो. तिथे जायची माझी इच्छा असते असं नाही.

कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवायची, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. ओली हवा आत आली की आतली बाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोलीची न्हाणी होते. पाहुणा परमुलखातला असेल तरच तो गारवा कोंडून ठेवायला म्हणून खिडकी लावतो, आणि घरातली बाई काही न बोलता उठून ती पुन्हा उघडते. ही गोष्ट ज्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे, त्या जिल्ह्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी एकदा मिळून ती विसरायचं ठरवलं. मी तिथे होतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. किती वाईट, हे पाहायला बाहेरून इतकी माणसं येत की यवतमाळच्या लॉजमध्ये खोली मिळायची मारामार. पांढऱ्या गाड्या, बाटलीबंद पाणी, गळ्यात कॅमेरे. एक समिती पुसदहून परतायची तोवर दुसरी बाभुळगावात पोचलेली असायची. दोन्ही तेच प्रश्न विचारत आणि त्याच माणसांना विचारत, कारण डांबरी रस्त्याला लागून असलेली गावं तेवढीच होती. त्या गावांतल्या लोकांची उत्तरं पाठ झाली होती. समिती दिसली की म्हातारे टोपी नीट करून बाजेवर बसत, आणि गाडी वळली की पुन्हा पत्ते काढत.

भाव चढेल या आशेनं कापूस घरातच थांबला होता. आमच्याकडच्या मातीच्या घरात मधली खोली सगळ्यात गार असते. जाड भिंती, खिडकी नाही, शेणानं सारवलेली जमीन. कापूस भरायचा तो तिथेच, कारण पाऊस, ठिणगी, चोर, सगळ्यांपासून तीच लांब. म्हणजे घरात जेवढा म्हणून गारवा होता तो कापसाला, आणि माणसं समोरच्या टिनाखाली. एप्रिल आला तरी कापूस आढ्याला टेकलेला. त्याची बारीक तूस दारातून उडत राही, भाकरीवर बसे, लहान पोरांच्या पापण्यांवर बसे. अंगाला खाज सुटे. पाहुण्याला आधी पाणी देत आणि मग खाजवायला मोकळीक.

माझी धाकटी बहीण मंदा अशाच एका घरात दिली होती, केळापूरच्या बाजूला. तिची पहिली मुलगी मे महिन्यात जन्मली. मधल्या खोलीत कापूस होता, म्हणून बाळंतिणीची बाज टिनाखाली. बारसं व्हायच्या आत पोर तापली आणि गेली. डॉक्टरांनी इंग्रजीत काहीतरी नाव सांगितलं. मंदाची सासू म्हणाली, "उन्हानं नेली." दोघांचंही बरोबर असावं.

आणि आता मंदाला पुन्हा दिवस गेले होते, आणि पुन्हा मे महिनाच येत होता.

आमचे आईवडील नव्हते. तिला माहेर म्हणून मीच, आणि मी यवतमाळला वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. तिथे दुपारी बादलीतलं पाणी अंगाला चटका देई, आणि वीज निम्मा दिवस नसे. तिला तिथे आणणं म्हणजे टिनाखालून काढून तव्यावर ठेवणं होतं.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. आमच्या विभागप्रमुखांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. सरांना त्या वर्षी एक अनुदान मिळालं होतं, कमी विजेत इमारती गार ठेवण्याच्या अभ्यासासाठी. 'संकटग्रस्त जिल्हा' हे शब्द अर्जात असले की तेव्हा अनुदान लवकर सुटे. सरांनी ते पानापानावर घातले होते.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. चुलीपासून हातभर लांब बसलं तरी तिची धग तोंडाला लागते; मधली हवा तापायची वाट ती पाहत नाही. याच्या उलटही होतं. डोक्यावरचं छत गार असेल तर अंगातली धग त्याच्याकडे निघून जाते, वाऱ्याची झुळूक नसली तरी. म्हणून छताच्या पोटात, प्लास्टरच्या आत, नळ्यांचं जाळं. त्यातून पाणी फिरायचं. ते पाणी बाहेर एका जाळीदार पेटीत ओल्या गवतावरून ओघळून माठातल्या पाण्याइतकं गार व्हायचं. वीज लागायची ती एका लहानशा मोटरीला, आणि ती छपरावरच्या सौर पाट्या देणार होत्या. लोडशेडिंगला तिथे काही काम नव्हतं.

हे सगळं आधी कॉम्प्युटरवर बांधून पाहायचं होतं. खोटी खोली, खोटं ऊन, खोटी माणसं. तो कॉम्प्युटर कॉलेजातल्या एकमेव एसी खोलीत होता, कारण त्याला उकाडा सोसत नसे. विजेशिवाय गार कसं राहायचं याचा अभ्यास आम्ही हातावर हात चोळत करायचो, आणि वीज गेली की जनरेटर लावून करायचो. याचं कोणाला काही वाटत नव्हतं. खिडकीच्या काचेपलीकडे शिपाई डोक्यावर ओला रुमाल टाकून बसलेला दिसे.

प्रोग्रामला आमच्या भागाचं तासातासाचं हवामान हवं होतं. ते कोणाकडेच नव्हतं, म्हणून नागपूरचं ऊन उसनं घेतलं. भिंती, दारं, खिडक्या झाल्यावर माणसं आली. प्रोग्रामच्या लेखी माणूस म्हणजे एक बारीक शेगडी. तो किती उष्णता टाकतो एवढंच त्याचं चरित्र. यादीतून निवडायचं: बसून काम करणारा, उभ्यानं काम करणारा, चालणारा. नाचणारासुद्धा होता. अंगावर पाजणारी बाई नव्हती. मी सरांना विचारलं.

"बसून काम करणारा टाका," सर म्हणाले. "कोण विचारतंय?"

एक गोष्ट मात्र तो प्रोग्राम निक्षून सांगायचा. खोलीतली हवा फार ओली झाली किंवा छत फार थंड केलं की पडद्यावर लाल अक्षरं येत: दव धरेल. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं. म्हणून नळ्यांतलं पाणी माठाइतकंच गार ठेवायचं, त्याहून नाही. भिंतीवरचे झरोके उघडे ठेवायचे. आणि त्या खोलीत कूलर आणायचा नाही.

खोली मिळाली ती एका सरकारी दवाखान्यात, पांढरकवड्याच्या वाटेवर. गावाचं नाव सांगत नाही, तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत. जुना बाळंतिणींचा वॉर्ड टिनाचा होता. आवाराच्या दुसऱ्या टोकाला नवा बांधला. छपरावर चुन्याचा जाड पांढरा हात दिला, त्यावर पऱ्हाटीचा मांडव घातला. कापसाची वाळकी झाडं तेव्हा शेताशेतात ढिगांनी पडलेली होती. कापसाला नाही तरी पऱ्हाटीला त्या वर्षी आमच्याकडून मागणी आली. एप्रिलच्या सुरुवातीला बाळंतिणी नव्या वॉर्डात आल्या.

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी सासवांकडे असते. बाहेर डांबर वितळत असतानाही बाळंतिणीच्या कानाला फडकं, पायात मोजे. जुन्या वॉर्डात पंखे होते, पण वीज असली तरी ते फिरत नसत; प्रत्येक पलंगाशी एक सासू पहाऱ्याला बसलेली. मंदा तपासणीला आली तेव्हा तिची सासूही आली. वॉर्डात पाऊल टाकताच म्हातारी थबकली आणि चारही कोपरे शोधू लागली.

"कूलर कुठी लपवला व सिस्टर?"

"कूलर नाई मावशी," मेश्राम सिस्टर म्हणाल्या. वॉर्ड त्यांच्याकडे होता.

"मंग हे गार कायचं?"

"छत गार हाये."

"छत कायले गार राह्यते? आमचं टिन तं पेटते."

सिस्टरच्या टेबलावर बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे उदबत्ती जळत होती. म्हातारीनं ती विचारून उचलली आणि एका रिकाम्या पलंगाशी नेऊन धरली. धूर काठीसारखा सरळ वर गेला. तिनं ती उशाशी धरली, पायथ्याशी धरली. धूर कुठेच वाकला नाही.

"वारं नाई बाप्पा," ती म्हणाली. "मंग लेकराले अथी ठेवता येते."

मंदा तोवर पलंगावर आडवी झाली होती, पोटावर दोन्ही हात, नजर वर. "दादा," ती म्हणाली, "माठात बसल्यावानी वाटते." त्या दिवसापासून वॉर्डाचं नाव 'माठाची खोली' पडलं. सरांनी इंग्रजीत दिलेलं लांबलचक नाव फक्त पाटीवर राहिलं.

"मी अथीच येईन," मंदा सिस्टरना म्हणाली. "सवा महिना अथीच राहीन. या बारीचं मी उन्हाले देत नाई."

"सवा महिना कोण ठेवते वं तुले? दवाखाना हाये का माहेर?"

"माहेर असतं तं तुमच्याजवळ कायले आली असती?"

सिस्टर हसल्या. "ये तं आधी. पलंग खाली असला तं कोण उठवते तुले?"

त्या एप्रिलची आठवण मला खरं तर आवडीनं यायला हवी. कडुनिंबाचा मोहोर पायाखाली पिवळसर भुग्यासारखा पडलेला. पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड रुमालात गुंडाळून सायकलवर जात. लू लागू नये म्हणून मी खिशात कांदा ठेवायचो, आणि कॉलेजात उष्णतावहनाचा तास घेताना तो खिशाबाहेर डोकावायचा. पोरं हसायची, पण त्यांच्याही खिशात असायचा. शनिवारी एसटीनं दवाखान्यात जायचो. बसच्या खिडकीचा गज धरवत नसे. आणि मग त्या वॉर्डाच्या दारात उभं राहिलं की अंगावरून काहीतरी उतरून ठेवल्यासारखं होई. चुना, दूध, शेपा आणि ओव्याची धुरी यांचा मिळून एक वास होता. तिथे लेकरं रडत नव्हती असं नाही. पण भुकेनं रडत होती.

मोजमापाचे आलेख मात्र वेडेवाकडे येत. दार उघडं राहिलं की उंचवटा, नातेवाईक भेटायला आले की उंचवटा, कोणी स्टोव्हवर पाणी तापवलं की उंचवटा. सर ते कागद पाहून नाक मुरडायचे. त्यांच्या कॉम्प्युटरमधली खोली अशी वागत नव्हती.

मग मोठे साहेब येणार असल्याची बातमी आली. जिल्ह्याच्या दौऱ्यात दवाखान्याचा कार्यक्रम ठरला: माठाच्या खोलीचं उद्घाटन, जिच्यात तोवर कितीतरी बायका बाळंत होऊन घरी गेल्या होत्या. साहेब किती मोठे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या पुढच्यामागच्या गाड्यांवरून अंदाज बांधायचा.

आदल्या दिवशी बांधकामाचे इंजिनिअर आले. वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले, वर हात केला.

"एवढंच गार?"

"बाहेरच्या मानानं बरंच आहे," मी म्हणालो.

"सायेब बाहेरून नाई येऊन राह्यले. एसी गाडीतून येऊन राह्यले. त्यायले हे गरमच लागीन."

ही खोली शेतातून येणाऱ्या बाईसाठी गार होती. गाडीतून उतरणाऱ्या माणसासाठी कोणतीच खोली पुरेशी गार नसते. इंजिनिअरांनी तिथल्या तिथे दोन निर्णय घेतले. नळ्यांच्या पाण्याच्या टाकीत बर्फ टाकायचा, आणि मंडपवाल्याकडून मोठे कूलर आणून आत लावायचे. धूळ आणि माशा नकोत म्हणून खिडक्या बंद. झरोके दिसायला वाईट, तेही बंद.

"छतातून पाणी पडेल," मी म्हणालो.

"सर, मे महिना हाये. आभायात थेंब नाई अन् तुमच्या छतातून पडून राह्यलं?"

मी दव कसं धरतं ते सांगायला लागलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "सायबाले घाम आला तं कोण सस्पेंड होईन? तुमचा कॉम्प्युटर, का मी?"

मी सरांकडे पाहिलं. सर पडद्यांचा रंग पाहत होते. "एक दिवसाचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

सकाळी टेम्पोतून बर्फाच्या लाद्या आल्या, गोणपाटात, भुशासकट. टाकीत पडताना त्यांचा जो धडाम आवाज झाला त्यानं वॉर्डातली लेकरं दचकून उठली. झरोक्यांत वर्तमानपत्रं कोंबली, त्यावर झालरी. आतल्या बायकांना कानाची फडकी सोडायला लावली, फोटोत बरं दिसत नाही म्हणून. सासवांनी कुरकुर केली, पण पोलीस होते. पंचक्रोशीतल्या गरोदर बायकांनाही लाभार्थी म्हणून आणून बसवलं होतं. मंदा आणि तिची सासू कोपऱ्यातल्या पलंगावर होत्या. एक मोठी खुर्ची, तिच्यावर पांढरा टॉवेल. आणि चारी बाजूंनी कूलर घोंगावायला लागले. त्या बंद खोलीत इतकी माणसं, इतके कूलर; थोड्याच वेळात चष्म्याच्या काचा धुरकट व्हायला लागल्या. वर बर्फाचं पाणी फिरत होतं. मी वर पाहत उभा होतो. हारतुरे झाले.

साहेब बोलायला उठले. बोलणं वाईट नव्हतं. विकासाचा गारवा शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, असं काहीतरी चाललं होतं, तेवढ्यात पहिला थेंब त्यांच्या कागदावर पडला. त्यांनी तो बोटानं पुसला, शाई पसरली. दुसरा चष्म्यावर. मग सगळ्या छतावर, नळ्या जशा गेल्या होत्या तशा, ओल्या रेघा उमटल्या. आमचा आराखडा हुबेहूब. आणि त्या रेघांवरून रांगेनं थेंब सुटायला लागले, टपटप, पलंगांवर, टोप्यांवर, झालरींवर. एका अधिकाऱ्यानं साहेबांच्या डोक्यावर फाईल धरली.

"बाई वं!" मंदाची सासू मोठ्यानं म्हणाली. "कूलरवाल्यानं पाऊसबी आणला!"

पहिली हसली मंदा. हसताना तिचं सगळं पोट हलत होतं. मग पलीकडच्या पलंगावरची, मग सगळ्या. ज्यांना टाके होते त्या पोट धरून, "हासवू नका वं, दुखते" म्हणत हसत होत्या. पोलीस हसला. मेश्राम सिस्टरनी तोंडाला रुमाल लावला. त्या वर्षांत त्या जिल्ह्यात इतक्या बायका एका वेळी हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

मला वाटतं, तिथेच ते ठरलं. साहेब भिजले याचं काही झालं नसतं, टॉवेल होता. पण बायका हसल्या.

"कोणी बांधलं हे?" साहेबांनी विचारलं.

"डिझाइन कॉलेजवाल्यांचं आहे, सर," इंजिनिअर म्हणाले. एवढं त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं.

छत गळतं, काम निकृष्ट, चौकशी होईपर्यंत खोली बंद. आदेश गाड्या निघायच्या आत झाला. ऊन कलायच्या आत बायकांना लेकरांसकट जुन्या वॉर्डात, टिनाखाली हलवलं. दाराला कुलूप, कुलपाला सील, चावी गाड्यांबरोबर गेली. खोली बंद करायचा आदेश होता. मोटर बंद करायचा नव्हता, आणि तिचा खटका आत भिंतीवर होता. म्हणून कोणी ती बंद केली नाही. बर्फ वितळून गेला, कूलर मंडपवाल्यानं आधीच काढून नेले होते, पाणी पुन्हा माठाइतकं गार झालं आणि सौर पाट्यांवर मोटर चालत राहिली.

मंदाला त्याच आठवड्यात कळा आल्या. मुलगी झाली. "थेच आली परत," मंदा म्हणाली, आणि टिनाकडे पाहत राहिली. तिथे वरून नुसती आग येत होती. चादरी भिजवून टांगल्या तर त्या दोरीवरच वाळून कडक होत. सासूनं दोघींचे कान बांधले.

मी खोली उघडून मागायला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी चहा मागवला.

"सील म्हणजे सील," ते म्हणाले.

"आत यंत्र चालू आहे. खोली आत्ताही गार आहे. दव सुकलं, आता एक थेंब पडणार नाही."

"चालू कसं असेल? खोली बंद आहे ना?"

सरांकडे गेलो. सर म्हणाले, चौकशीला सहकार्य करणं आपलं कर्तव्य आहे. परत येताना नव्या वॉर्डाच्या खिडकीशी थांबलो. काचेला कपाळ लावलं तर काच गार लागली. आत पलंगांवर नव्या चादरी, घडी न मोडलेल्या. जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या. आणि मधोमध ती खुर्ची, टॉवेल पांघरून. त्या मे महिन्यात सगळ्या जिल्ह्यात उन्हाळा लागला नाही तो त्या खुर्चीला. मागे आवारापलीकडून लेकरांचं रडणं येत होतं. ते भुकेचं नव्हतं.

जुन्या वॉर्डात राहण्यात अर्थ नव्हता, मंदा घरी गेली. रविवारी मी तिच्या घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. मंदा बाजेच्या कडेला बसली होती. पोर मांडीवर, लालबुंद, तोंड उघडं, आणि ती दूध ओढत नव्हती. मी हात लावला आणि काढून घेतला. दारात माझे मेहुणे प्रकाशराव उभे होते. हा माणूस हट्टी; दिवाळीपासून व्यापाऱ्यांना दारातून परत पाठवत आला होता. कापसाच्या भावासाठी थांबणं ही त्या घरात त्याची एकट्याची लढाई होती आणि ती तो जिंकेल असं मलाही वाटत होतं.

"कापूस काढा," मंदा म्हणाली.

"भाव चढून राह्यला म्हणतेत. आठ-पंधरा दिवस—"

"मंग पोरीले सांगा थांबाले."

प्रकाशराव मधल्या खोलीच्या दाराशी गेले, आढ्यापर्यंत पाहिलं. मग धोतर खोचलं आणि गावात जाऊन टेम्पो घेऊन आले. दुपारच्या त्या उन्हात आम्ही कापूस उपसला. कवेत घ्यायचा, बाहेर न्यायचा, टेम्पोत टाकायचा. तो आतून गार होता. सगळं अंगण पांढरं झालं, घामाला तूस चिकटून आम्ही दोघं भुतांसारखे दिसायला लागलो. ज्या व्यापाऱ्याला सर्वांत जास्त वेळा परत पाठवलं होतं, त्याच्याकडेच प्रकाशराव टेम्पो घेऊन गेले. तो म्हणे हसला नाही. हसला असता तर बरं, असं ते नंतर म्हणाले.

सासूनं खोली झाडली, जमिनीवर पाणी शिंपडलं, दाराला ओलं लुगडं लावलं. मंदा पोरीला घेऊन आत गेली. आम्ही बाहेर टिनाखाली बसून राहिलो, कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. सांज व्हायला आली तेव्हा आतून दूध ओढल्याचा चुटूचुटू आवाज आला. प्रकाशरावांनी गुडघ्यात मान घातली.

पोरगी जगली. कापसाचा भाव पुढे चढला की पडला, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. मला माहीत आहे. त्यांना मी कधी सांगितलं नाही.

पण सगळ्याच घरांत काढायला कापूस नव्हता, आणि काही घरांना मधली खोलीच नव्हती. माठाच्या खोलीतून हलवलेल्यांपैकी किती लेकरांनी पाऊस पाहिला, हे विचारायला कोणती समिती आली नाही. मेश्राम सिस्टरना मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, तुमाले कायले पाह्यजे?" आणि आत निघून गेल्या.

चौकशी झाली. छत खरंच गळतं का हे पावसाळ्यात पाहू म्हणाले. पावसाळ्यात ते गळलं नाही, त्यामुळे चौकशी आणखी लांबली. नंतर कधीतरी सील निघालं आणि वॉर्डात मोडके पलंग, जुनी कागदपत्रं येऊन पडली. ती अजून असतील. कागद नीट राहायला गार जागा चांगली.

उष्णता मोजणाऱ्या तारा मात्र त्या बंद मे महिन्यातही खोलीत तशाच होत्या. त्यांचं टोक बाहेर मोटरीच्या शेडमध्ये होतं, तिथे आकडे जमा होत राहिले. सरांनी ते मागवले, कॉम्प्युटरच्या आकड्यांवर ठेवून पाहिले, आणि मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. एकही उंचवटा नाही. खरी खोली आणि खोटी खोली एकमेकींवर अशा बसल्या होत्या की रेघ एकच वाटावी. दार उघडत नव्हतं, कोणी भेटायला येत नव्हतं, पाणी तापत नव्हतं. कॉम्प्युटरला हवी तशी खोली त्याला शेवटी मिळाली होती.

पुढच्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या परिषदेत सरांनी तो आलेख दाखवला. मी मागच्या रांगेत होतो. हॉल इतका थंड होता की लोक खांद्यावर शाली ओढून बसले होते. पडद्यावर तो कुलपातला मे महिना या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरला होता. त्यातली ती खिडकीची दुपार कुठे असेल, ती कापसाची दुपार कुठे असेल, हे मी शोधत होतो. दोन्ही जागी रेघ तितकीच सपाट, तितकीच गार. टाळ्या वाजल्या. मग पुढे बसलेल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, या काळात खोलीत माणसं किती होती?"

सरांनी क्षणभर आलेखाकडे पाहिलं.

"नगण्य," ते म्हणाले, आणि पुढची स्लाइड लावली.